चार ते सहाचा पहारा

आमच्या गावात चैत्रात सप्ताह बसतो. मारुतीच्या देवळापुढं मांडव पडतो. सकाळी पोथीचं पारायण, दुपारी प्रवचन, दिवेलागणीला भजन, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. हे आता सगळ्याच गावांत असतं. पण या सगळ्याच्या खालून एक गोष्ट चालू असते, तिच्याकडं पाहुण्याचं लक्ष जात नाही. देवाच्या उजव्या हाताला एक माणूस गळ्यात वीणा घालून उभा असतो. महाराज येतात-जातात, पंगती उठतात, मांडव कधी भरतो, कधी ओस पडतो. तो माणूस उभाच. एका हातानं तार छेडायची, तोंडानं नाम घ्यायचं. दोन तासांनी दुसरा येतो आणि वीणा त्याच्या गळ्यात जाते. सात दिवस, सात रात्री ती खाली टेकत नाही. या दोन तासांना पहारा म्हणतात.

वीणा देताना-घेताना एक रीत आहे. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो. वय बघायचं नाही, जात बघायची नाही, सोयरीक बघायची नाही. सासऱ्यानं जावयाच्या पाया पडलेलं मी पाहिलंय. मालकानं सालगड्याच्या पाया पडलेलं पाहिलंय. बाकी वर्षभर काय चालतं ते चालतं, पण त्या घडीला कुणी मागंपुढं बघत नसे.

मी आठवीत शाळा सोडली. त्याचं मोठं कारण सांगण्यासारखं नाही. वडील गेले, माय दुसऱ्याच्या रानात रोजानं जायला लागली, आणि मला गणित येत नव्हतं. तिन्ही गोष्टी एकाच वर्षात आल्या, त्यामुळं कोणत्या कारणानं शाळा सुटली हे मला आजही नीट सांगता येत नाही. शाळेची पोरं आमच्या घरावरून जायची. त्या वेळेला मी घरात बसायचो, दार लोटून. तव्हा नाना आले. त्यांनी माझ्या मायला विचारलं, की हे पोरगं दिवसभर काय करतं. माय म्हणाली, भितं. नाना म्हणाले, मंग माझ्याबरोबर धाडून दे, दोघं मिळून भिऊ.

नाना खालच्या आळीतले, आम्ही वरच्या. पखवाज वाजवायचे, वीणा लावायचे, गावातली निम्मी भजनी मंडळी त्यांनीच शिकवलेली. ते आमच्या जातीचे नाहीत. हे वाक्य पूर्वी कुणी लिहिलं नसतं, कारण त्याची गरज नव्हती. आता ते लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांची बायको आष्टीची आणि माझी मायही आष्टीची, म्हणून त्या दोघी बहिणी. माय नानांना दाजी म्हणते आणि मी नानांच्या बायकोला मावशी म्हणतो. या नात्याला रक्त लागत नाही, एका गावचं पाणी पुरतं.

नानांनी मला गाणं शिकवलं नाही. माझा गळा तसा नव्हताच. त्यांनी मला उभं राहायला शिकवलं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण दोन तास एका जागी उभं राहून बघावं. पहिल्या अर्ध्या तासात पोटऱ्या बोलायला लागतात. नाना सांगायचे, दोन्ही पायांवर सारखा भार टाकू नको, एकाला थोडी सुट्टी दे, मंग दुसऱ्याला दे. गुडघा ताठ धरू नको. नजर एका जागी लावू नको, नाहीतर भोवळ येते. आणि कुणी बघून राह्यलंय का, हे तर बिलकुलच बघू नको. त्यांचा पहारा दुपारी चार ते सहा, गेली तीसएक वर्षं तोच. दोन ते चारचा पहारा त्यांनी मला मिळवून दिला. ऐन उन्हाचा, कुणाला नको असलेला. म्हणजे माझ्या गळ्यातली वीणा नाना घेणार. चार वाजले की ते पाय धुऊन, धोतर झाडून येत. आधी माझ्या पाया पडत. मी चौदा वर्षांचा. त्या दिवसानंतर मी दार लोटून बसलो नाही.

गेली बरीच वर्षं मी कच्छात एका जिनिंगात मशीनवर आहे. कापूस आत जातो, रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं होते, आणि मी उभा असतो. पाळी लांबली तर फार लांबते. नवी पोरं येतात, दोन महिन्यांत पाय सुजले म्हणून निघून जातात. माझे पाय टिकले, त्याचं श्रेय त्या दोन ते चारच्या पहाऱ्याला आहे. तिथल्या लोकांनी मला चांगलं वागवलं. ज्या म्हातारीच्या खोलीत मी भाड्यानं राहतो ती उन्हाळ्यात माझ्यासाठी ताकाचा तांब्या झाकून ठेवते. तिची भाषा मला येते, माझी तिला येत नाही. मी सगळ्यांचा ऋणी आहे. पण माझा मूळचा स्वभाव भित्रा, तो गेलेला नाही. गावाकडून अवेळी फोन आला की मी आधी खाली बसतो, मग उचलतो. खोलीला कुलूप लावून मी परत येऊन ओढून बघतो.

देवाधर्माचं म्हणाल तर परमुलखात माणूस थोडा जास्तच धार्मिक होतो, असं माझं निरीक्षण आहे. आमच्या जिनिंगात ओडिशाचे, बिहारचे, आमच्याकडचे असे सगळे आहेत. प्रत्येकाच्या उशाशी एक देव आहे. गावात असताना ज्याच्यापुढून आपण नुसतं हात जोडत चालत जायचो, तोच देव तिकडं फोटोत बसला की आपल्याशी बोलतो असं वाटतं. मला वाटतं ते बोलणं देवाचं नसतं, गावाचं असतं. मोबाईलवर आजकाल कीर्तनं भरपूर. जेवताना लावतो. पण महाराज चढ्या आवाजात बोलायला लागले, की मी आवाज बंद करतो आणि मागं कुठं वीणेकरी दिसतो का ते शोधतो. बहुतेक वेळा तो चित्रात येतच नाही. कॅमेरा त्याच्यासाठी लावलेला नसतो.

मी तिकडं असताना इकडं आरक्षणाच्या प्रश्नावरून वारं सुटलं. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हे मी लिहिणार नाही. मला ते पूर्ण कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांचंही आपसात जमत नाही. आमच्या गावात मारामारी झाली नाही, शिवीगाळही झाली नाही. झालं ते एवढंच, की चौकात एक चहाची टपरी होती तिथं दोन झाल्या. वरच्या आळीची माणसं गावातलं किराणा दुकान सोडून तीर्थपुरीच्या बाजारातून सामान आणायला लागली. खालच्या आळीनं दळण दुसऱ्या गावच्या गिरणीत न्यायला सुरुवात केली. मोबाईलच्या स्टेटसला कुणी काहीतरी लावायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर लावायचं. नाव कुणाचंच नसायचं, पण ज्याला लागायचं त्याला बरोबर लागायचं. भांडण झालं असतं तर मधे पडायला माणसं आली असती. इथं मधे पडायला जागाच नव्हती. गेल्या वर्षी सप्ताहाला खालच्या आळीतलं कुणी आलं नाही. मायनं फोनवर हे सांगितलं आणि लगेच म्हशीचं सांगायला लागली. मी नानांचं विचारलं. ती म्हणाली, तेबी न्हाई आले.

या चैत्रात मला पाच दिवसांची सुट्टी मिळाली. जातानाच दोन गेले, परतीला दोन लागणार होते. मी पोचलो तव्हा सप्ताहाचा तिसरा दिवस मावळत होता. मांडव पूर्वीपेक्षा मोठा, समोर पडदा, त्याच्यावर महाराजांचा चेहरा घराएवढा. देवळाला नवी फरशी बसली होती. माणसं मात्र मांडवाच्या मानानं विरळ. माझा चुलत भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणतो, तो या वर्षी सप्ताहाचा कारभारी. धावपळीनं त्याचा आवाज बसला होता. मंडप त्याच्याकडं, महाराजांची सोय त्याच्याकडं, पाण्याचा टँकर त्याच्याकडं. दादा वाईट माणूस नाही. मायच्या आजारपणात तिला जालन्याच्या दवाखान्यात त्यानंच नेलं होतं, आणि मी पोचेपर्यंत तोच तिच्या उशाशी होता. पण मोबाईलवर वरच्या आळीकडून जे लागायचं, त्यातलं बरंच त्याच्या बोटानं लागायचं. हेही खरं आहे.

देवळाच्या भिंतीला फळा होता, त्याच्यावर पहाऱ्याची नावं. दोन ते चारच्या पुढं माझं नाव होतं. इतकी वर्षं मी नसताना कुणी ना कुणी माझ्या नावानं उभं राहत होतं. त्याखाली चार ते सहाच्या पुढं नानांचं नाव होतं. मी ते परत वाचलं. दादाला विचारलं, की नाना येतात का. तो म्हणाला, सालोसालचाच फळा आहे, नावं तीच ठेवली, आपून कुणाचं नाव पुसलेलं न्हाई. मी विचारलं, त्यांना सांगितलंय का. तो म्हणाला, ग्रुपवर टाकलंय सगळ्यांचं. पहिले तीन दिवस नाना आले नव्हते. त्या वेळेला दादानं कुणाला तरी पकडून उभं केलं होतं.

मी खालच्या आळीत जाऊन यायचं म्हणालो. दादा म्हणाला, आजच आलास, लगेच तिकडं कामून पळतो, लोक बघून राह्यले, दोन दिवस राहायचं तर नीट राहा. तो रागानं नाही बोलला, काळजीनंच बोलला. आणि काळजीचं बोलणं मला रागाच्या बोलण्यापेक्षा जास्त अडवतं. मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दोनला मी वीणा घेतली. पट्टा मानेवर आला आणि मान आपोआप जराशी पुढं झुकली, जशी झुकायची तशी. मांडवात दहाबारा म्हातारी माणसं, काही पेंगलेली. मांडवाच्या मागच्या बाजूला बायका संध्याकाळच्या पंगतीच्या पोळ्या लाटत होत्या, त्यात माझी माय. लाटण्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, आणि माझी तार. पहिला तास कसा गेला कळलं नाही. दुसऱ्या तासात पोटऱ्या बोलल्या, मी एकीला सुट्टी दिली, मग दुसरीला दिली. मनात एकच होतं, चार वाजता काय होणार.

चार वाजले. कुणी आलं नाही. दादा टँकरचं बघून आला, त्यानं घड्याळाकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं, आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, की आण इकडं, मी घेतो. मी मान हलवली. नाम चालू असताना बोलायचं नसतं, म्हणून त्यालाही जोर करता येईना. तो तसाच उभा राहिला. मग एक काका उठून आले. ते म्हणाले, की रोज असं ऐनवेळी माणूस हुडकण्यापेक्षा हा पहारा आता कुणाच्या तरी नावानं कायमचाच लावून टाका. फळ्यावर खाडाखोड केली की विषय संपला. त्यांना ते सोयीचं वाटलं. बाकीच्यांनाही वाटलं असावं, कारण कुणी नाही म्हणालं नाही. एक जण तर ओलं फडकं शोधायला उठला.

तव्हा मला भीती वाटली. तशी मला नेहमीच वाटते, पण ही वेगळी होती. पहारा एकदा दुसऱ्याच्या नावावर गेला की तो परत येत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. नानांचं नाव त्या फळ्यावर होतं तोवर खालची आळी सप्ताहात होती, आली नाही तरी होती. नाव पुसलं की दुसऱ्या वर्षी खालच्या आळीचा वेगळा सप्ताह बसणार, वेगळा मांडव, वेगळी वीणा. बाजूच्या दोन गावांत तसं झालेलंच होतं. आणि ते पुसणं माझ्या गळ्यातून वीणा निघाल्याशिवाय होणार नव्हतं. मी थांबलो आणि इतकंच बोललो, "नाना आल्याशिवाय मी देणार न्हाई."

दादा म्हणाला, "अन् न्हाई आले तर?"

  मी पुन्हा तार छेडली आणि नाम घ्यायला लागलो. पाठीमागं कुणीतरी म्हणालं, लई दिवसांनी आलाय, अंगात आलंय. दोघं हसले.

ही कुजबुज लाटण्यांपर्यंत गेली. माय उठून पुढं आली, हाताला कोपरापर्यंत पीठ. काय झालं ते तिनं दादालाच विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पहाऱ्याचं सांगायला त्यांच्या दारात कोण गेल्तं?"

दादा म्हणाला, "काकू, ग्रुपवर टाकलंय नं."

"मंग पोळ्याबी ग्रुपवरच वाढा. आम्ही कशाला भाजून राह्यलो?"

कुणी हसलं नाही. कारण ती काय म्हणते ते सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. आमच्याकडं पहाऱ्याचं बोलावणं दारात जाऊन द्यायची रीत आहे. सप्ताहाच्या आदल्या दिवशी दोघं जण निघतात, प्रत्येक पहारेकऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहून हात जोडतात आणि वेळ सांगतात. घरात जायचं नाही, चहा घ्यायचा नाही, फक्त उंबऱ्याशी जाऊन सांगायचं. तीस वर्षं ज्याचा तोच पहारा आहे त्यालाही सांगायचं. न सांगता कुणी येत नाही. आपणहून आलं तर ते वीणेवर हक्क दाखवल्यासारखं होतं. गेल्या वर्षीपासून ही दारोदारची फेरी बंद करून सगळं मोबाईलवर टाकायला लागले. वेळ वाचतो म्हणून. वरच्या आळीत ते चालून गेलं, कारण सगळ्यांची तिथंच ऊठबस होती. खालच्या आळीची माणसं त्या ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडली होती, आणि नानांकडं तर असा मोबाईलच नव्हता. इकडच्यांना दोन वर्षं वाटत होतं, की नाव ठेवूनही ते येत नाहीत. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. तेच जास्त वाईट होतं.

 माय तशीच निघाली. पीठसुद्धा धुतलं नाही. मांडवातून देवळाला वळसा घालून ती खालच्या आळीच्या उताराला लागली, ते मला उभ्या जागेवरून दिसलं. दोन वर्षांत वरच्या आळीची कुणी बाई त्या उतारानं गेली नव्हती.

तिथं काय झालं ते मला नंतर मावशीनं सांगितलं. नाना उंबऱ्याच्या आत बाजेवर बसलेले होते. आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. मावशी म्हणाली, सप्ताह बसला की रोज तीन वाजता असं आवरून बसतात, सहा वाजले की धोतर बदलून रानात जातात. गेल्या सालीही सातही दिवस असंच. माय उंबऱ्याशी उभी राहिली, पिठाचे हात जोडले आणि म्हणाली, "दाजी, चार ते सहा."

नाना म्हणाले, "हे सांगायला बाईमाणूस पाठीवलं का त्यांनी?"

"कुणी न्हाई पाठीवलं. माझं पोरगं वीणा धरून उभंय, तुमच्याबिगर द्यायचं न्हाई म्हणतंय. मेव्हणीचं बोलावणं चालत नसंल तर तसं सांगा. जाते, पोळ्या करपून राह्यल्या माझ्या."

नाना बाजेवरून हलले नाहीत. मावशी म्हणाली, मला वाटलं उठत न्हाईत आता. मग त्यांनी मावशीला विचारलं, की काठी कुठंय.

मला इकडं यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त लाटणी थांबलेली ऐकू आली. वळून बघितलं तर नाना नळावर पाय धुत होते. आधीपेक्षा बारीक झाले होते, काठी नवी होती. मांडवात कुणी कुणाकडं बघेना. ओलं फडकं घेऊन उभा असलेला माणूस त्या फडक्यानं सतरंजीवरची धूळ झटकायला लागला. नाना सरळ माझ्यापाशी आले. मी वाकायच्या आधी त्यांनी कान वीणेकडं नेला, तार एकदा बोटानं वाजवून बघितली आणि म्हणाले, "उतरलीय. किती वेळचा ऐकतोय मी. कान हाय का काय तुला?"

इतक्या वर्षांनी भेटल्यावर ते मला एवढंच बोलले. मी त्यांच्या पाया पडलो. ते माझ्या पाया पडले, काठी धरून, हळूहळू. मी त्यांना आवरायला हात पुढं केला नाही. त्या घडीला तसं करायचं नसतं. वीणा त्यांच्या गळ्यात गेली. त्यांनी खुंटी पिळून तार वर आणली, आणि त्यांचा आवाज लागला. आवाज म्हातारा झाला होता. पण जागेवर होता.

मी खांबाला टेकून बसलो. पण मनात वेगळीच धास्ती सुरू झाली होती. सहा वाजता नानांच्या गळ्यातून वीणा घेणार कोण, हे मी फळ्यावर वाचलं होतं. सहा ते आठ, दादा. त्याला नानांच्या पाया पडावं लागणार, आणि नानांना त्याच्या. मोबाईलवर त्यानं जे जे लावलं होतं ते नानांनी वाचलं नसेल, पण त्यांच्या पोरांनी वाचून दाखवलं असणार. मला वाटलं दादा ऐनवेळी टँकरचं काम काढेल. तसं झालं असतं तर मी परत उठलो असतो, पण तेवढ्यानं काही निभलं नसतं.

साडेपाचच्या पुढं मांडव भरायला लागला. संध्याकाळच्या भजनाची माणसं, आणि मागं, मांडवाच्या अगदी कडेला, खालच्या आळीचे तिघं-चौघं येऊन उभे राहिले. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही, जा म्हणूनही कुणी म्हणालं नाही. मांडवाच्या दोऱ्या जिथं बांधतात त्या खुंट्यांपाशी ते उभे होते. आत आणि बाहेर यांच्या मधोमध.

सहाला दादा आला. पाय धुतलेले, अंगावरचा सदरा बदललेला. तो आला याचंच मला हायसं वाटलं. नानांसमोर उभा राहिला आणि नुसताच उभा राहिला. नाना नाम घेत होते, त्यांनी तार थांबवली नाही. सगळा मांडव बघत होता, त्यांनाही आणि त्यालाही. मग दादा वाकला. साधा पाया पडतो तसा नाही. तो वाकला आणि त्यानं कपाळ नानांच्या पायावर ठेवलं, आणि लवकर उठला नाही. मी त्याचा चेहरा बघू शकलो नाही, आणि मला बघायचाही नव्हता. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पश्चात्ताप म्हणावा असं काही तो त्याआधी बोलला नाही, नंतरही बोलला नाही.

तो उठल्यावर नाना खाली वाकायला लागले. इतका वेळ उभं राहिल्यानं गुडघा वळेना. काठी भिंतीला टेकवलेली होती. ते अर्ध्यात अडकले, गळ्यात वीणा, एक हात हवेत. दादानं त्यांचा हात धरला. पाया पडू नका, असं तो म्हणाला नाही. त्यानं त्यांना धरून सावकाश खाली वाकवलं, त्यांचा हात आपल्या पायापर्यंत पोचेतोवर धरून ठेवला, आणि तसंच धरून वर उभं केलं. आमच्या रीतीत एवढंच बसतं. तेवढं त्यानं केलं.

वीणा दादाच्या गळ्यात गेल्यावर नानांनी काठी घेतली. माय पुढं झाली आणि म्हणाली, पंगत बसून राह्यली, दोन घास खाऊन जा. नाना म्हणाले, "मी वीणेसाठी आल्तो. जेवायला न्हाई." ते कठोरपणे नाही म्हणाले. पण म्हणाले. खुंट्यांपाशी उभे असलेले तिघं-चौघं त्यांच्यामागं चालायला लागले आणि सगळे उतारानं खाली गेले.

मला दुसऱ्या दिवशी पहाटेच निघावं लागलं. माझा दोन ते चारचा पहारा दुसऱ्यानं घेतला. निघताना मी खालच्या आळीतून गेलो. माय आली तव्हाचं सगळं मावशीनं मला उंबऱ्याशी सांगितलं, नाना झोपलेले होते. मी त्यांना उठवू दिलं नाही. त्या दिवशी दुपारी चार वाजता मी गाडीत होतो. घरी फोन करावासा वाटला आणि करवला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. चांगलं ऐकायची आशा असली की मला फोन करायला जास्त भीती वाटते.

शेवटी सप्ताह उठल्यावर मायचाच फोन आला. तिनं काल्याच्या दिवशी वारा किती सुटला ते सांगितलं, मांडवाचं एक टोक उडालं ते सांगितलं, म्हैस गाभण आहे ते सांगितलं. मी मधेच विचारलं, नाना आले होते का.

"येत होते की रोज. दादा जात होता सांगायला, उंबऱ्याशी."

मी विचारलं, "अन् काला खाल्ला का त्यांनी?"

 "हातावर घेतला," ती म्हणाली. "मूठ मिटून घरी घेऊन गेले. पुढचं मला म्हाईत न्हाई."